उन्हाळ्यात हायड्रोपोनिक्सचे द्रावण थंड कसे ठेवावे?

प्रश्न : नागपूरच्या आमच्या गच्चीवर मी मातीविना लेट्यूस आणि पालक लावला आहे. 40 लिटरच्या निळ्या टाकीतले पोषक द्रावण पंपाने पीव्हीसी पाइपांमधून फिरते. एप्रिल लागल्यापासून दुपारी ते 34 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, झाडे माना टाकतात आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत झाली आहेत. रोज बर्फ टाकते, पण थोड्याच वेळात पाणी पुन्हा तापते. टाकीऐवजी मातीचा माठ वापरावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मुळे पाण्यात असूनही झाडे माना टाकतात, कारण मुळांना प्राणवायू पुरत नाही. पाणी तापेल तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात आणि 35 अंशांना जेमतेम सात. उष्णतेने मुळांचे श्वसन मात्र वाढते, त्यामुळे गरज वाढत असतानाच पुरवठा आटतो आणि अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे मूळकुज घडवणारे रोगजंतू सहज पसरतात. लेट्यूससाठी द्रावण 18 ते 24 अंशांच्या दरम्यान असणे उत्तम. तरी नागपूरच्या मे महिन्यात ते 26–27 अंशांवर रोखता आले, तरी पुष्कळ झाले असे मी म्हणेन.

बर्फाचा हिशेब पाहिला तर आपली मेहनत कुठे जाते ते कळेल. एक किलो बर्फ पूर्ण वितळून त्याचे पाणी टाकीतल्या पाण्याइतके होईपर्यंत 40 लिटरचे तापमान साधारण पावणेतीन अंशांनीच उतरते. शिवाय सुटा बर्फ द्रावण पातळ करतो. टाकायचाच असेल तर तो बाटलीत गोठवून, झाकण घट्ट लावून टाकावा. बाटलीत मिठाचे पाणी मात्र भरू नये, कारण ती फुटली तर सगळे द्रावण वाया जाते. पण उष्णता आत येण्याची वाट मोकळी असेल तोवर बर्फ हा दिवसभराचा खटाटोपच ठरतो.

ही वाट टाकीपेक्षा पाइपांतून अधिक मोकळी असते. टाकी आपण सावलीत ठेवतो, पण उन्हातल्या पाइपांमधून पाण्याचा पातळ थर वाहताना तापतो आणि तेच पाणी फिरून टाकीत येते. म्हणून आधी पाइपांना बाहेरून पांढरा रंग द्यावा किंवा उष्णतारोधक फोमची गुंडाळी करावी, वर शेडनेट बांधावे आणि टाकी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर, खाली थर्माकोलचा जाड तुकडा घालून ठेवावी. पंपाकडेही पाहावे. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. 18 वॅटचा, कूलरमध्ये असतो तसा पंप दिवसरात्र चालला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर 40 लिटर पाणी 24 तासांत सुमारे 9 अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर निघून जाते, तरीही गरजेपेक्षा मोठा पंप लावू नये. जागा आणि गच्चीची भारक्षमता असेल तर 100 लिटरची टाकी घ्यावी. जास्त पाणी सावकाश तापते आणि दुपार निभावून नेते.

आता माठाविषयी. कल्पना चुकीची नाही, पण द्रावण थेट माठात भरू नये. ते पाझरताना पाणी उडून जाते आणि खतांचे क्षार माठाच्या अंगावर साचून छिद्रे बुजवतात, त्यामुळे काही दिवसांत माठ थंड करेनासा होतो. त्याऐवजी पातळ प्लॅस्टिकची टाकी मोठ्या, रंग न दिलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती साध्या पाण्याने ओली ठेवावी. एवढी मोठी कुंडी नसेल तर टाकीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. हवा 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ओला पृष्ठभाग 23 अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकतो. विदर्भाच्या कोरड्या हवेचा एवढा तरी फायदा घ्यावा. ज्या बाजूला गोणपाट आहे तिथे थर्माकोल लावू नये, नाहीतर गार गोणपाट आणि पाणी यांच्यामध्ये तोच आडवा येतो. टाकी सावलीत आणि वाऱ्याच्या झोतात असावी.

कुजलेली मुळे कापून टाकावीत, फार कुजलेली रोपे उपटावीत, टाकी व पाइप ब्लीचिंगच्या सौम्य द्रावणाने धुऊन नीट खळखळून घ्यावेत आणि मगच नवे द्रावण भरावे. टाकीत एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. उन्हाळ्यात झाडे खतापेक्षा पाणी अधिक ओढतात, म्हणून उरलेले द्रावण दाट होत जाते. घटलेली पातळी साध्या पाण्याने भरून काढावी. इथे मात्र माठातले गार पाणी जरूर वापरावे.

प्रश्न : ठाण्यात पश्चिमेच्या बाल्कनीत माझी छोटी बाग आहे. ओले गोणपाट गुंडाळूनही पाणी 30 अंशांखाली जात नाही. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ठाण्यात हवाच दमट आहे. 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता असताना ओला पृष्ठभाग सुमारे 28 अंशांखाली उतरू शकत नाही, म्हणून गोणपाटाकडून अधिक अपेक्षा करू नये. टाकी बाल्कनीतून घरात, उन्हाच्या बाहेर आणावी आणि फक्त पाइप बाहेर ठेवावेत. एवढ्याने भागले नाही, तरच मत्स्यालयांसाठी मिळणारा चिलर घ्यावा. तो पाण्यातून काढलेली उष्णता आणि स्वतःच्या विजेची उष्णता आसपासच सोडतो, म्हणून त्याला बंद खोलीत ठेवू नये. आणि पाइप उघडे तापत असतील तर विजेचे बिल वाढण्यापलीकडे काही हाती लागणार नाही. हवा गरमच ठेवून केवळ मुळांचा भाग थंड राखून लेट्यूस पिकवण्याची पद्धत सिंगापूरमध्ये यशस्वी झालेली आहे, तेव्हा तत्त्व पक्के आहे. पण घरच्या चार रोपांसाठी हा खर्च मला पटत नाही. एप्रिल ते जून लेट्यूसला सुट्टी देऊन मायाळू, माठाची भाजी, अंबाडी किंवा तुळस लावली, तर 28–29 अंशांचे पाणीही ती सहसा निभावून नेतात. हवेचा पंप मात्र त्यांनाही लागेलच.