माझ्या उदासीमुळे बाळाचे कायमचे नुकसान होईल का?

बाळंतपणानंतर काही महिन्यांनी समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रिया स्वतःच्या त्रासाविषयी फार बोलत नाहीत. रडू येते, झोप लागत नाही, जेवण नकोसे वाटते, हे सगळे त्या दोन वाक्यांत उरकतात आणि मग खरी भीती सांगतात : आपले मन बाळात लागत नाही, त्यामुळे त्याच्यात आयुष्यभराचे काही न्यून राहून जाईल का? रेवती (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) इंदूरमधल्या आमच्या केंद्रात आली, तेव्हा तिने हाच प्रश्न विचारला. फक्त तिच्याजवळ या भीतीचा पुरावाही होता. रात्री बाळाला पाजताना तिने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती, ज्यात आईपासून तोडलेले माकडाचे पिलू एका कोपऱ्यात स्वतःला कवटाळून डोलत बसले होते.

बाळ तेव्हा पाचव्या महिन्यात होते. रेवतीच्या देखभालीत बोट ठेवायला जागा नव्हती. दुपटी घडी घातलेली, टाळूला तेल लावलेले, लसीकरणाचे कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेले. मात्र बाळाला तिने मांडीवर बाहेर तोंड करून बसवले होते, आणि त्याने मान वळवून तिच्याकडे पाहत हुंकार दिला की ती त्याच्या लंगोटाची गाठ तपासून पाहत असे. त्याने आणखी एकदा हुंकार दिला आणि मग पंख्याकडे पाहू लागला. आईचे प्रेम आटल्याची ही खूण नव्हे. नैराश्यात प्रतिसाद देण्याची शक्तीच मंदावते, आणि बाळाच्या हाकेला उत्तर देणे हे त्या शक्तीचेच काम असते.

तिने पाहिलेले प्रयोग खरेच झाले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिले जन्मानंतर काही तासांतच आईपासून वेगळी केली आणि त्यांच्यापुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या, एक तारेच्या जाळीची आणि दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईजवळ असली तरी पिले दूध पिऊन कापडी आईला बिलगत आणि दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच काढत. 1958 साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले, तेव्हा दूध देणारीशीच पिलाचे नाते जुळते ही समजूत डळमळली. पुढे काही पिलांना महिनोन् महिने पूर्ण एकांतात ठेवण्यात आले; डोलणारे पिलू बहुधा त्यांतलेच. हे प्रयोग क्रूर होते, असे माझे मत आहे. पण ते झाले आहेत आणि त्यांची अर्धीच गोष्ट सांगून आज आयांना घाबरवले जाते, म्हणून उरलेली अर्धी सांगणे मला आवश्यक वाटते.

एकांतात वाढलेले ते पिलू आणि रेवतीचे बाळ यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे मी तिला प्रथम सांगितले. त्या पिलाला कोणीही नव्हते. रेवतीच्या बाळाला उचलणारी आई होती, आजी होती, संध्याकाळी बाबा होते. दुसरे म्हणजे, सहा महिने एकांतात राहिलेली पिलेसुद्धा तशीच राहिली नाहीत. 1972 साली स्टीफन सुओमी आणि हार्लो यांनी अशा पिलांच्या सोबतीला जेमतेम तीन महिन्यांची निरोगी पिले दिली, जी भांडत नव्हती, नुसती येऊन बिलगत होती. काही महिन्यांत त्या एकाकी पिलांचे वागणे बऱ्याच अंशी सुधारले. आईविना वाढलेल्या माद्या स्वतः आई झाल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींनी पहिल्या पिलाला झिडकारले, काहींनी इजाही केली. मात्र ज्यांना पहिल्या पिलाचा थोडाफार सहवास लाभला, त्यांतल्या बहुतेकींनी पुढची पिले नीट सांभाळली.

तरीही माझ्या कामात या प्रयोगांपेक्षा लिओनार्ड रोझेनब्लम यांच्या अभ्यासाचा उपयोग अधिक होतो. त्यात आईला दूर केलेच नव्हते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली माकडे आपल्याकडे दक्षिणेत आढळणाऱ्या टोपी माकडांच्या जातीची होती. काही आयांना अन्न सहज मिळे, काहींना ते नेहमीच कष्टाने शोधावे लागे, आणि तिसऱ्या गटात काही दिवस सहज तर काही दिवस कष्टाने, असे आलटून पालटून चाले. पोटभर अन्न सगळ्यांनाच होते. असे असूनही सर्वांत अधिक अस्वस्थता दिसली ती तिसऱ्या गटात : आयांमध्ये आपसांत तणाव वाढला, आणि त्यांची पिले आईला अधिक चिकटून राहू लागली, नवीन जागेत बिचकू लागली. सततचे कष्ट त्या आयांनी निभावून नेले, पण उद्या कष्ट पडणार की नाही याचा भरवसा नसणे त्यांना झेपले नाही.

हे लक्षात ठेवून मी रेवतीच्या घराची चौकशी केली. सव्वा महिना माहेरी बऱ्हाणपूरला झाला, तोवर ती बरी होती. सासरी आल्यावर मदत नव्हती असेही नाही. पण पती इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात होते आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदले. सासूबाई एखाद्या दिवशी बाळाला सकाळपासून घेऊन बसत, तर दुसऱ्या दिवशी गुडघे दुखले, भजनी मंडळ निघाले किंवा कुणी पाहुणे आले की बाळ पुन्हा रेवतीच्या मांडीवर येई. मालीशवाली बाईही मनाला येईल तेव्हा येई. परिणामी मदत असतानाही रेवती झोपू शकत नव्हती, कारण ती किती वेळ टिकेल हे तिला कधीच ठाऊक नसे.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांतले रडवेलेपण बहुतेकदा आपोआप ओसरते. पाचव्या महिन्यातले असे ओसरण्याची वाट पाहायची नसते. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरा मापनीचे दहा प्रश्न तिने भरून दिले आणि तिचे गुण नैराश्याची शक्यता दाखवणाऱ्या 13 या आकड्याच्या बरेच वर आले, म्हणून मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणीही करून घेतली, कारण त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे आहेत. डॉक्टरांनी त्यांतले एक सुरू केले. मापनीचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिचे उत्तर ‘कधीच नाही’ असे होते. कुणाचे उत्तर तसे नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही चोवीस तास चालू असतो.

घरातले काम अवघड गेले. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी चार-चार मुलं वाढवली, उदास व्हायला सवड कुणाला होती? आणि पोर आजीलाच आई समजायला लागलं तर?” मी त्यांना ओंकारेश्वरच्या वानरांची आठवण दिली. काळ्या तोंडाच्या त्या टोळ्यांमध्ये नवजात पिलू पहिल्या दिवसापासून एकीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत जाते, आई तेवढ्यात निवांत चरून घेते, आणि दूध प्यायला पिलू आपल्या आईकडेच परत येते. सासूबाईंनी वानरे पुष्कळदा पाहिली होती. त्या म्हणाल्या, “हो, एक घेऊन पळते आणि दुसरी मागे धावते.” नंतर त्यांचा विरोध पुष्कळ नरमला.

आम्ही मदत वाढवली नाही, तिच्या वेळा ठरवल्या. दुपारी दोन ते चार बाळ आजीकडे, आणि त्या वेळात रेवतीला हाक मारायची नाही. पतींची पाळी कोणतीही असो, घरी आल्यावरचा पहिला तास बाळाचा. महिन्याचा पाळीतक्ता फ्रिजवर चिकटवलेला. तिला मी एवढेच सांगितले की प्रेम वाटण्याची वाट पाहू नका, दिवसातून दोन वेळा बाळाला समोर तोंड करून घ्या आणि त्याने आवाज काढला की तोच आवाज त्याला परत द्या. सुरुवातीला तिला हे नाटकी वाटले. झोप सुधारली, औषध लागू पडले आणि काही आठवड्यांनी माझ्याशी बोलता बोलता तिने बाळाच्या हुंकाराला हुंकार दिला. तिच्या ते ध्यानातही आले नाही. बाळाने मात्र लगेच दुसरा हुंकार दिला.

औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवायचे नाही, हे तिने मान्य केले आहे. आता प्रश्न तिच्या नोकरीचा आहे, आणि पाळणाघर व आजी यांच्या वेळा आम्ही आतापासून जुळवत आहोत. सासूबाई मंगळवारचे भजन सोडायला तयार नाहीत. ते सोडण्याची गरजही नाही. मंगळवारी दुपारी त्या नसणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असले की पुरे, म्हणून त्या दुपारसाठी शेजारच्या काकूंना विचारून ठेवले आहे.