कोकणातल्या लहान गावात विज्ञानकथांचं संमेलन भरवता येईल का? कुणाला अनुभव आहे का?

येईल. देवगड तालुक्यात आमच्या घराने ते बरीच वर्षं भरवलं, म्हणून खात्रीने सांगते. नामवंत लेखक आणि सभागृह नसेल तर लोक कशाला येतील, असं तुम्ही विचारलंय. लोक कथा ऐकायला येतात, आणि त्यावर मनसोक्त बोलायला मिळालं की पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही घेऊन येतात. न्यूयॉर्कला १९३९ साली पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेही चाहत्यांनीच भरवलेलं, आणि आजही त्या संमेलनाची कामं चाहतेच बिनपगारी करतात.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, ही हकीकत त्यांना फार प्रिय. त्यावरून त्यांनी नियमच केला: कथा लेखकाचं नाव न सांगता वाचायची, आणि चर्चा संपेपर्यंत लेखकाने गप्प बसायचं. वाचायची आई. तुम्ही बाकी काही केलं नाहीत तरी हा नियम ठेवा.

त्याने काय होतं ते सांगते. एका वर्षीच्या कथेत अष्टमीच्या रात्री उधाण येऊन अख्खं बंदर बुडतं. वाचन संपताच मागून एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, उठले. “अष्टमीक उधाण खंयसून येतला? तेव्हा भांग आसता!” त्यांचं बरोबरच होतं. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येतं, कारण तेव्हा सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असतात आणि दोघांची ओढ एकवटते. अष्टमीला ते काटकोनात येतात, एकाची ओढ दुसऱ्याला मारक ठरते आणि भरती कमी येते. तोच भांग. बाबांनी कंदील, नारळ आणि सुपारी मांडून हे खळ्यातच दाखवलं. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारलं, “पृथ्वीला दुसरा चंद्र असला तर?” झालं! तो कुठे असला म्हणजे अष्टमीला उधाण येईल, यावर जेवणाची पानं वाढेपर्यंत वाद चालला. कुणी म्हणालं, मग पंचांग कोणत्या चंद्राचं धरायचं? लेखक समोरच बसले होते. नावाचं दडपण असतं तर ते तांडेल बोललेच नसते, आणि मग तो दुसरा चंद्रही कुणाला सुचला नसता.

तारखेचा विचार मात्र आधी करा. भात झोडून झालेलं, खळं नुकतंच सारवलेलं आणि आंब्याची धावपळ अजून लांब, असे दिवाळीनंतरचे दिवस आम्हाला सोयीचे पडायचे. आसपासच्या गावांच्या जत्रा पाहून घ्या. दशावताराची रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी जागं सापडणार नाही. जेवण घरचंच, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. येणारे शिधा आणायचे. आजीचं एकच सांगणं असे, “कोणाक उपाशी धाडू नकात.”

दुसऱ्या दिवशी सगळे विजयदुर्गला जायचो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने किल्ल्यावरूनच हेलियम शोधला, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. आई तिथे उभी राहून खरं ते सांगायची: त्या दिवशी, या शोधात ज्याचं नाव लॉकयरच्या जोडीने घेतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन ग्रहण पाहायला गुंटूरला होता, आणि लॉकयरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ नंतर ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये पाहिली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला. काही जण नाराज व्हायचे. मला मात्र आईचं पटतं. जो वायू इथे कुणी हुंगला नाही की बाटलीत धरला नाही, तो आधी सूर्यावर ओळखला गेला, याहून विलक्षण गोष्ट विज्ञानकथा ऐकायला आलेल्यांना काय सांगणार?

आता हे काम ताई आणि मी बघतो. पहिल्या वर्षी माइक, बॅनर, पाहुण्यांचे हारतुरे यांत पैसे घालू नका. तीन कथा पुरतात. चौथी घेतलीत तर चर्चा कापावी लागते. चांगलं वाचणारं माणूस मात्र आत्ताच शोधून ठेवा, आणि कथा त्याच्या हातात निदान पंधरा दिवस आधी द्या.