प्रयोगशाळा बांधताय? आधी हवेचा हिशेब मांडा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानासाठी तीन मजली संशोधन इमारत बांधायचं ठरतंय. आर्किटेक्टनी दाखवलेल्या चित्रात पश्चिमेला पूर्ण काच, गच्चीवर सोलर आणि दारात हिरवळ आहे. इमारत ‘ग्रीन’ होईल असं ते म्हणतात. बांधकाम समितीवर मी शिक्षकांची प्रतिनिधी आहे. नेमकं काय विचारू? – एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : मॅडम, पहिल्या बैठकीत एकच विचारा. या इमारतीतून तासाला किती हवा बाहेर जाणार? उत्तर तयार नसेल तर चित्र अजून पुरं झालेलं नाही, असं समजा.

ऑफिसात एसी तीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो. रसायनांच्या खोलीत तसं चालत नाही. बाहेरची हवा आत घ्यायची, गार करायची, पावसाळ्यात तिच्यातलं पाणी काढायचं आणि एकदा वापरून छपरावरून सोडून द्यायची. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या ऑफिसपेक्षा प्रयोगशाळेला कित्येक पट वीज लागते, ती मुख्यतः यापायी.

तुमच्या एका खोलीचा हिशेब करू. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे २८० घनमीटर हवा. फ्यूम हूड म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणारं, समोर वर-खाली सरकणारी काच असलेलं कपाट. चार फुटी फ्यूम हूडची काच ४५ सेंटीमीटर उघडी असेल आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवला, तर तो एकटा हूड तासाला सुमारे एक हजार घनमीटर हवा ओढतो. म्हणजे सतरा मिनिटांत खोली रिकामी. असे चार हूड मांडलेत तर तासाला चौदा वेळा अख्खी खोली गार करून आभाळात सोडाल. म्हणून रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना एकेकाला गाठून विचारा, हूड रोज कोण वापरतं आणि बाटल्या ठेवायला कोण? बाटल्यांना हवा खेचणारं छोटं कपाट पुरतं, त्यासाठी अख्खा हूड अडवायला नको.

मी जुन्या प्रयोगशाळा बघायला जातो तेव्हा खिशात टिश्यू पेपरची पट्टी असते. मागच्या हिवाळ्यात एका ठिकाणी संध्याकाळी साडेसातला गेलो. मजल्यावर माणूस नाही, पाच हूड चालू, पाचही काचा वर. पट्टी हूडसमोर धरली तर ती सरळ आडवी झाली. कॉरिडॉरचं दार उघडायला खांदा लावावा लागला, इतकी हवा आत खेचली जात होती, आणि दाराखालच्या फटीतून शीळ ऐकू येत होती. वर हवा गार करणारा चिलर धडधडत होता तो त्या रिकाम्या मजल्यासाठी.

यावर उपाय आहे, पण तो डिझाइनमध्येच हवा. नुसती काच खाली ओढून वीज वाचत नाही, कारण साधा पंखा तेवढीच हवा ओढत राहतो. काच खाली आली की हवेच्या नळातली झडप, म्हणजे डॅम्पर, मिटला पाहिजे आणि व्हीएफडीनं (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्रानं) पंख्याचा वेग उतरला पाहिजे. पंख्याचा नियम आपल्या बाजूचा आहे : हवा पाचव्या हिश्शानं कमी केली की पंख्याची वीज जवळजवळ निम्मी होते. त्यानंतर सवय लावायची. हार्वर्ड विद्यापीठानं काच बंद ठेवण्याची प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत स्पर्धा लावली होती. आपल्याकडे ईर्ष्येला काय कमी आहे? दोन तालमींत लागते तशी दोन विभागांत लागू दे!

इथं माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडे होऊ नये. वीस वर्षांपूर्वी एका संस्थेच्या एक्झॉस्टचं काम माझ्याकडे होतं. सुरक्षित बाजूला राहावं म्हणून मी सगळ्या खोल्यांना सरसकट ताशी बारा हवाबदल धरले, म्हणजे तासाला बारा वेळा खोलीतली सगळी हवा बदलायची. सामानाच्या कोठीलाही, मुलं बसून वही लिहितात त्या खोलीलाही. दोन वर्षांनी गेलो तर लाइट बिल झेपेना म्हणून त्यांनी एक्झॉस्ट बंदच ठेवला होता. हूडमध्ये ॲसिड तापत होतं, समोर मुलगी उभी होती आणि वरचा पंखा थांबलेला. त्या दिवसापासून मी मानतो, की न परवडणारी सुरक्षितता टिकत नाही. लिहिण्या-वाचण्याच्या खोल्या प्रयोगाच्या खोल्यांपासून भिंतीनं वेगळ्या करा आणि त्यांना साध्या खिडक्या द्या. कोल्हापूरच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं एसी लागायचं कारण नाही.

पश्चिमेची काच काढायला लावा. दुपारी तीननंतरचं ऊन आणि जूनपासूनचा झोडपणारा पाऊस, दोन्ही त्याच अंगानं येतात. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिणेला. पावसाळी वारंही पश्चिमेचंच, म्हणून ताजी हवा पश्चिमेकडून घ्या आणि एक्झॉस्टच्या चिमण्या पूर्वेला, गच्चीच्या वर निदान तीन मीटर. नाहीतर फेकलेलीच हवा परत आत येईल.

सोलर जरूर बसवा, पण त्याच्या जिवावर बाकीची उधळपट्टी झाकू नका. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. चिमण्या, टाक्या आणि चिलर जाऊन २०० चौरस मीटर उरली, तर दिवसाला ८० युनिट. नमुने ठेवायचे उणे ८० अंशांचे जुने चार फ्रीझर तेवढे एकटे खातात.

आणि जागा नदीच्या बाजूची असेल तर जनरेटर, वीजपॅनेल आणि फ्रीझर तळघरात नकोत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी लागते, आणि २०१९ व २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न : आमची जुनी प्रयोगशाळा घडीव काळ्या दगडाची आहे. ती पाडून नवी आरसीसी इमारत ‘ऊर्जाबचतीची’ बांधावी असं विश्वस्त म्हणतात. पटत नाही, पण मुद्दा मांडता येत नाही. – एक माजी विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. इमारतीचा कार्बन दोनदा मोजायचा असतो, बांधताना आणि वापरताना. बांधतानाच्या भागात पाया आणि सांगाडा सगळ्यात जड, आणि तुमच्याकडे तो आयता उभा आहे. जगात माणसाच्या हातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे आठ टक्के एकट्या सिमेंटचा. त्यातला मोठा भाग इंधनाचा नाहीच. चुनखडी भाजली की तिच्यातूनच वायू निघतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो सुटत नाही.

जाड दगडी भिंत दुपारचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवते, आतलं तापमान झटकन चढत नाही. संवेदनशील तराजू आणि सूक्ष्मदर्शक तळमजल्यावर ठेवा, तिथं कंपनं कमी. हूडच्या खोल्या मात्र जुन्या भागात कोंबू नका. हवेच्या डक्टसाठी दगडी भिंती फोडत बसाल. मागच्या अंगणात त्यांच्यापुरता छोटा नवा भाग बांधा, लोखंडाच्या भट्टीत उरणारी स्लॅग मिसळलेलं सिमेंट वापरा आणि भराव भिंतींना जांभ्याचे चिरे घ्या. स्लॅग सिमेंटच्या भारतीय मानकात सत्तर टक्क्यांपर्यंत स्लॅग चालते. फक्त सेंटरिंग (स्लॅबखालचा आधार) काढायची घाई करू नका, हे सिमेंट सावकाश ताकद धरतं. पाणी मारण्यात कंजूषी केली तर मेहनत वाया जाईल.

प्रश्न : मी पीएचडी करतोय. इमारत बदलणं माझ्या हातात नाही. आमच्या लॅबमध्ये उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि डबल डिस्टिलेशनचं (पाणी दोनदा उकळून शुद्ध करण्याचं) काचेचं युनिट आहे. काही करता येईल? – एक संशोधक, कोल्हापूर

उत्तर : पुष्कळ. गाइडना विचारून फ्रीझर उणे ७० वर आणा, वीज पाव ते एक तृतीयांश वाचते. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात कितीतरी फ्रीझर अनेक वर्षं उणे ७० वर चालले आहेत. तुमच्या नमुन्यांपैकी एखाद्याला उणे ८० च लागत असेल, तर तेवढेच वेगळे काढा. महिन्यातून एकदा मागची जाळी ब्रशनं साफ करा, दाराच्या रबरावरचं बर्फ पुसा. जुना फ्रीझर दिवसाला वीसेक युनिट घेतो आणि ती सगळी उष्णता खोलीत सोडतो. ती बाहेर काढायला एसीला पुन्हा वीज.

डिस्टिलेशनला एक लिटर पाणी एकदा उकळून वाफ करायलाच सुमारे पाऊण युनिट जातं, दोनदा केलं की दीड. वर, वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी नळासारखं मोरीत वाहतं. ती रबरी नळी मोरीतून काढून बादलीत सोडा, बादली किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून बघा आणि आकडा विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवा. काचसामान पहिल्यांदा विसळायला तेच पाणी चालतं. टाकी आणि छोटा पंप लावून तेच पुन्हा फिरवताही येतं. तुमच्या हाताखालच्या एमएस्सीच्या मुलांनाही बरोबर घ्या, पुढच्या वर्षी युनिट तेच चालवणार आहेत.