दिवाळीत कुत्रा गावी नेतोय, फराळातलं काय द्यायचं नाही?

तुम्ही लिहिलंय की २८ किलोचा लॅब्राडोर घेऊन पुण्याहून लातूरकडे गावी चाललात. घरात पाहुणे, लेकरं, डबे भरून फराळ, आणि आजी म्हणतात, "आपली कुत्री सगळं खात आली, त्यांना काय झालं?" मी याच जिल्ह्यात राहतो, घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, म्हणून उत्तर देतोय.

आजींचं खोटं नाही. त्यांच्या अंगणातल्या कुत्र्याला शिळी भाकरी आणि ताक मिळायचं. ते आजही चालतं. पण "काही झालं नाही" हे आपण त्याच रात्री बघून ठरवतो आणि घात तिथंच होतो. कांदा आणि बेदाणे यांचा परिणाम उशिरा दिसतो.

आधी कांद्याचं सांगतो, कारण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. भाऊबीज झाली की आपल्याकडे मटण शिजतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून ती कुत्र्यापुढे. शेजारच्या छोट्या पॉमेरेनियनला सणात रोज असाच रस्सा मिळत होता. पुढे तो एकाएकी मलूल झाला, जिना चढेना, लघवी तांबूस-तपकिरी व्हायला लागली. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, त्या पार पांढुरक्या पडल्या होत्या. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांनी तांबड्या पेशी फुटतात, आणि ते दिसायला तीन-चार दिवस जातात. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही राहत नाही. शिजवून, भाजून, वाळवून हे घटक जात नाहीत. लसूण तर कांद्याहून तीव्र. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला की रक्तात बदल दिसू लागतात, मांजराला ५ ग्रॅमही पुरतो. तुमच्या कुत्र्याला एखादी फोड गेल्यानं काही होणार नाही, पण रोजचा रस्सा साठत जातो. शेजारचा पॉमेरेनियन वाचला, पण आठवडाभर दवाखान्याच्या चकरा झाल्या.

बेदाणे, मनुका, द्राक्षं मात्र एकही नको. किती खाल्लं तर चालतं याचा आकडा कुणी देऊ शकत नाही. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याची किडनी एक ते तीन दिवसांत निकामी होते. संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून कटाची आमटी आणि चिंचेचं सारही लांबच ठेवा. बेदाणे कुठं कुठं असतात ते आठवून बघा: रव्याचा लाडू, चिवडा, शिरा, श्रीखंड.

चॉकलेटचे डबे आता गावातही भेट म्हणून येतात. जितकं काळं, तितकं घातक. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, मग उलट्या, धडधड, झटके. घरात कुणाला मधुमेह असेल तर शुगर-फ्री चुइंगम आणि मिठाईवरची बारीक अक्षरं वाचा. 'झायलिटॉल' (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) दिसलं तर कपाटात कुलूप लावून ठेवा, कारण त्यानं अर्ध्या तासात रक्तातली साखर उतरून कुत्रा कोसळू शकतो. चकली, करंजी, शेव यांनी विषबाधा होत नसली तरी एवढ्या तेल-तुपानं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजलेली हाडं तर मुळीच नकोत, ती फुटून आतड्यात टोचतात.

नको ते खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. खेड्यात हा उपाय सर्रास सांगतात, पण त्यानं मिठाचीच विषबाधा होते. खाल्लेल्या पदार्थाचं वेष्टण घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा, पहिल्या दोन तासांत ते सुरक्षितपणे उलटी काढू शकतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते जायच्या आधीच फोनवर विचारून ठेवा. आपल्या भागात उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आजींना पटवायचं तर पोळ्याची आठवण द्या. बैलाला पुरणपोळीचा घास भरवतात, पण त्यानं पिठाचं घमेलं रिकामं केलं तर पोटात आम्ल वाढून तो बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असणार. कुत्र्याला मायेनं काही द्यायचं असेल, तर बिनमिठाची ज्वारीची भाकरी आणि उकडलेलं अंडं. ते आजींनीच भरवावं. लेकरांना पहिल्याच दिवशी सांगा की त्याला खायला घालायचं ते आजींना विचारूनच. रोज सकाळी एकदा त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. बोटानं दाबल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. सण संपल्यावरही चार-पाच दिवस हे बघत राहा.