फिनलंडच्या लोकांना इतकी वर्षं 'नाटो' नको होतं, मग २०२२ मध्ये मत एकाएकी कसं फिरलं? भारतानेही असा विचार करावा का?

एकाएकी फिरलं ते नाटोबद्दलचं मत. संरक्षणाबद्दलचं होतं तिथंच आहे.

मी हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोत राहतो. आमच्या इमारतीच्या तळघरात जाडजूड पोलादी दाराची एक खोली आहे. एरवी तिथे जाळीचे कप्पे करून सगळ्यांनी सामान कोंबलंय. आमच्या कप्प्यात गणपतीचं मखर आहे! पण सरकारचा आदेश आला की ७२ तासांत ती रिकामी करून बॉम्बहल्ल्यात आसरा घेण्याजोगी करायची, हा नियम. देशात असे ५० हजारांवर निवारे आहेत. लोकसंख्या जेमतेम ५६ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याहूनही कितीतरी कमी. शिवाय मुलग्यांना सक्तीची लष्करी सेवा. हे सगळं नाटोच्या आधीपासूनचं.

मग नाटो का नको होतं? रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा. १९३९ च्या हिवाळी युद्धात हे सोव्हिएत संघाशी जवळजवळ एकटेच लढले, पुढे पूर्वेकडचा करेलिया प्रांत त्यांच्याकडे गेला आणि तिथून चार लाखांवर माणसं घरदार सोडून आली. शेजारच्या आजोबांची आई त्यातलीच. त्यातून घराघरांत एक हिशेब पक्का झाला: बंदूक साफ ठेवायची, पण शेजाऱ्याला डिवचायचं नाही. वाटलं तर नाटोत जाता येईलच, ही सोय हाताशी होतीच. त्यामुळे वर्षानुवर्षं नाटोच्या बाजूने चौघांत एखादाच असायचा.

२०२१ च्या डिसेंबरात रशियाने नाटोचा विस्तार थांबवण्याची मागणी केली, तेव्हा ती सोयच धोक्यात आली. माझ्या मते इथल्या लोकांना हे फार झोंबलं. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि न डिवचताही घाव बसतो हे दिसलं. त्याच महिन्याच्या पाहणीत पाठिंबा ५३ टक्के, मे महिन्यात ७६. संसदेत नाटोत जाण्याच्या बाजूने १८८ मतं, विरोधात ८. आजोबा आयुष्यभर नाटोच्या विरोधात, त्या मे महिन्यात जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "आता बाहेर राहून काय वाचवायचं?" ४ एप्रिल २०२३ ला देश सदस्य झाला.

भारताचं उत्तर मात्र यावरून काढू नका. आपल्याकडे अण्वस्त्रं आहेत, यांच्याकडे नाहीत. आणि आपल्या दोन कुरबुरीच्या सीमांवर आपल्यासाठी लढायला येईल अशी तयार युती आहे कुठे?