कारवानचं तोंड कसं पारखायचं
भाऊ, चाळीसगावला कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू बघायला चाललाच आहेस, तर आधी त्याचे आई-बाप बघ. पिल्लाचं तोंड आखूडच असतं, वाढीत लांबतं. मोठ्या कारवानचं डोकं लांब, अरुंद, कवटी सपाट. दोन डोळ्यांच्या मधून अंगठा नाकाकडे सरकव. उतार जेमतेम जाणवला पाहिजे. ठळक पायरी लागली, ओठ लोंबते दिसले, की भेसळीचा संशय घ्यायचा, विकणारा 'एकदम प्युअर' म्हणत राहो. तोंड टोकाकडे निमुळतं हवं, पण जबडा मजबूत. ही मूळची शिकारी जात. (शिकारीला आता बंदी आहे, ते सोड.) ओठ उचलून दात बघ. वरचे पुढचे दात खालच्यांना बाहेरून घट्ट लागून बसलेले हवेत. कान कवटीला चिकटून खाली पडलेले. रंगाचं नंतर बघू.