वाचकांचे प्रश्न : समुद्रावरचा पाऊस आणि फुग्याने आणलेले आकडे

प्रश्न : मुंबईच्या सांताक्रूझ केंद्राच्या जुलै महिन्याच्या रेडिओसोंड (फुग्याला बांधून वर सोडलेले मोजमापाचे उपकरण, थोडक्यात सोंड) नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहातून घेतल्या. मुसळधार पावसाचा दिवस आणि उघडिपीचा दिवस यांची तुलना केली, तर ५०० हेक्टोपास्कलच्या पातळीवर (हवेचा दाब तेवढा असतो त्या उंचीवर; वर जाताना हा दाब घटत जातो) तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक दिसतो. नोंदी चुकीच्या आहेत, की यातून पावसाबद्दल काही कळतच नाही? (रत्नागिरीहून एक विद्यार्थिनी)

नोंदी ठीक आहेत, फक्त तुम्ही चुकीचा रकाना पाहताय. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम क्षीण असतो. त्यामुळे एका ठिकाणी हवा तापली, तर तो फरक लाटांच्या रूपाने शेकडो किलोमीटर पसरतो आणि तापमान सगळीकडे जवळपास सारखे होऊन जाते. दिवसाला १० मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा बाष्पाचे पाणी होताना मोकळा झालेला अप्रकट उष्मा हवेचा अख्खा स्तंभ रोज सुमारे अडीच अंशांनी तापवू शकतो. तरी तापमान तेवढे वाढत नाही, कारण वर चढणारी हवा प्रसरण पावून तेवढीच थंड होते. थोडक्यात, उष्णकटिबंधात पावसाची खूण तापमानात शोधायची नसते, बाष्पात शोधायची असते.

म्हणून मिश्रण गुणोत्तराचा रकाना घ्या. एक किलो कोरड्या हवेत किती ग्रॅम बाष्प आहे, ते त्यात दिलेले असते. १०० हेक्टोपास्कल जाडीच्या थरात किलोमागे १ ग्रॅम बाष्प असेल, तर ते सगळे पिळून काढल्यास सुमारे १.०२ मिलिमीटर पाणी मिळते. एवढे एक सूत्र पुरते. उदाहरणादाखल पावसाच्या दिवशी १००० ते ८५० हेक्टोपास्कल या थरात सरासरी १६.५ ग्रॅम, ८५० ते ७०० मध्ये ११, ७०० ते ५०० मध्ये ६ आणि ५०० ते ३०० मध्ये २ ग्रॅम धरा. मग २५.२, १६.८, १२.२ आणि ४.१ मिळून ५८ मिलिमीटर होतात. उघडिपीच्या दिवशी तेच आकडे १६, ८, २.५ आणि ०.५ असतील, तर बेरीज ४३ वर येते. जमिनीलगतचा थर दोन्ही दिवशी जवळजवळ सारखाच आहे. खरा फरक दीड किलोमीटरच्या वर, विशेषतः ७०० ते ५०० च्या थरात पडला.

आता हाच स्तंभ पूर्ण संपृक्त असता तर त्यात किती पाणी मावले असते, ते तापमानावरून काढा. वरच्या उदाहरणात ते साधारण ७४ मिलिमीटर येते. ५८ भागिले ७४ म्हणजे ०.७८ आणि ४३ भागिले ७४ म्हणजे ०.५८. उष्णकटिबंधातल्या महासागरांवर हे गुणोत्तर ०.७ च्या पुढे गेले की पाऊस झपाट्याने वाढतो. याचे कारण असे की, वाढत्या ढगात कडेने जी हवा शिरते ती कोरडी असेल, तर ढगातले थेंब तिच्यातच विरून जातात आणि ढग मध्येच खुंटतो. ती दमट असेल तर तो १५ किलोमीटरपर्यंत चढतो.

प्रश्न : आर्द्रतेच्या जुन्या नोंदींवर विश्वास ठेवू नये असे वाचले. चूक नेमकी कुठे होते आणि ती ओळखायची कशी? (पुणे)

नोंदी टाकून द्यायच्या नसतात, तपासून घ्यायच्या असतात. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण खालच्या थरात किलोमागे फक्त १ ग्रॅमची चूक झाली, तरी त्या हवेच्या अप्रकट उष्म्यात अडीच अंशांइतका फरक पडतो आणि ढगाला वर चढायला उपलब्ध असलेली ऊर्जा किलोमागे ७०० ते १००० ज्यूलने चुकते. म्हणजे वादळी हवा कागदावर निवांत दिसू लागते.

ठळक उदाहरण पश्चिम प्रशांत महासागरातल्या टोगा-कोअर मोहिमेचे. नोव्हेंबर १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात तिथे बेटांवरून आणि जहाजांवरून हजारो फुगे सोडले गेले. त्यातल्या आरएस८० जातीच्या सोंडमध्ये आर्द्रता मोजणाऱ्या पातळ पटलावर वेष्टनातून निघालेली रसायने हळूहळू बसत. पटलावरची जागा अशी अडली की बाष्पाला वाव कमी उरतो, म्हणून सोंड जितका जुना तितकी हवा कोरडी दिसे. पुढे सोंडच्या वयानुसार दुरुस्ती करून अख्खा संच नव्याने तयार करावा लागला. त्यामुळे या मोहिमेच्या नोंदी वापरणार असाल, तर दुरुस्त केलेलीच आवृत्ती घ्या. नंतरच्या आरएस९२ मध्ये दोष वेगळा होता. दुपारच्या उन्हाने संवेदकच तापे, आणि तापलेल्या संवेदकाला भोवतालची हवा असते त्याहून कोरडी भासते. ही चूक जमिनीलगत थोडी असते, पण १५ किलोमीटरवर जवळजवळ निम्मे बाष्प गायब होऊ शकते. आताच्या आरएस४१ मध्ये आर्द्रतेच्या संवेदकाचे स्वतःचे तापमान वेगळे मोजले जाते, त्यामुळे हा दोष बराच आटोक्यात आला आहे.

तुमच्या हातातली नोंद अशी पडताळा. महिनाभराच्या नोंदींतून फुगा दाट खालच्या ढगातून गेला असेल ते दिवस निवडा. ढगाच्या पोटात सापेक्ष आर्द्रता १०० च्या आसपास असायलाच हवी. ती दर वेळी ९१-९२ वरच अडत असेल, तर संवेदक कोरडा दाखवतोय. जहाजाची नोंद असेल तर डोलकाठीवरच्या उपकरणाने मोजलेले बाष्प आणि सोंडने १०० ते ५०० मीटरच्या थरात मोजलेले बाष्प शेजारी मांडा. वरचे आकडे किलोमागे साधारण १ ग्रॅमने कमी असणे स्वाभाविक आहे. रोज २ किंवा अडीच ग्रॅमचा फरक पडत असेल तर दोष सोंडचा. भर दुपारची आणि मध्यरात्रीची उड्डाणे हाताशी असतील, तर २०० ते ३०० हेक्टोपास्कलमधली सरासरी आर्द्रता दोन्हींत वेगवेगळी काढा. दुपारची नोंद सातत्याने कोरडी असली, तर ते उन्हाचे काम.

याच्या उलट जातीचीही एक चूक आहे. ढगात भिजलेला सोंड ढगाच्या माथ्यातून कोरड्या हवेत बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यावरचे पाणी उडून जाताना तापमानाचा संवेदक खोटा गारवा दाखवतो. किलोमीटरमागे ९.८ अंशांपेक्षा वेगाने तापमान घटताना दिसले आणि लगेच आर्द्रताही कोसळली, तर ते ५०-१०० मीटर गाळून टाका. मात्र पहिल्या शंभर मीटरना हा नियम लावू नका. तापलेल्या जमिनीवर तिथे अशी घट खरोखर असते.

प्रश्न : हलत्या जहाजावरून फुगा सोडताना काय काळजी घेतात? (वास्को)

जहाजावर हायड्रोजनऐवजी हेलियम वापरणे सुरक्षित. ३५० ग्रॅमचा फुगा आणि सुमारे १०० ग्रॅमचा सोंड असेल, तर फुग्याच्या मानेला ८०० ग्रॅमचे वजन तोलून धरले जाईल इतका वायू भरतात. त्याला सव्वा घनमीटरच्या आतच हेलियम लागतो, आणि फुगा सेकंदाला ५ मीटर या ठरलेल्या वेगाने चढतो. पाऊस पडत असेल तर आणखी १००-२०० ग्रॅम वजन तोलले जाईल इतका वायू वाढवा, नाहीतर पाण्याच्या वजनाने फुगा रेंगाळतो. पाच किलोमीटरवर, जिथे तापमान शून्याखाली जाते, तिथे त्याच्यावर बर्फ बसला तर तो चक्क खाली येतो आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा चढतो. अशा नोंदीत एकाच दाबाच्या पातळ्या दोनदा-तीनदा येतात. दाब सतत घटतोय ना, हे आधी तपासायचे ते यासाठीच.

जहाजाचा तापलेला लोखंडी सांगाडा ही दुसरी अडचण. सोडण्याआधी वारा समुद्रावरून थेट सोडण्याच्या जागी येईल असे जहाज वळवून घ्या, सोंड सावलीत पण वाऱ्यावर दहा मिनिटे ठेवा, आणि त्याची आर्द्रता शेजारच्या उपकरणाशी जुळवा. ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर सोंड बदला. पृष्ठभागाचा आकडा डोलकाठीवरच्या उपकरणाचा लिहा. डेकवर ठेवलेल्या सोंडचा लिहिला, तर सगळी गणिते तापलेल्या डेकवरून सुरू होतात.

प्रश्न : समुद्रात पर्जन्यमापक नसतात. मग फक्त फुग्यांवरून पाऊस कसा काढतात? (नागपूर)

चार कोपऱ्यांवरून एकाच वेळी फुगे सोडून. टोगा-कोअरमध्ये आतल्या चौकोनाचे कोपरे होते कापिंगामारांगी आणि काविएंग ही बेटांवरची केंद्रे आणि दोन चिनी संशोधन जहाजे. हिंदी महासागरात ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१२ च्या डायनॅमो मोहिमेत मालदीवचे गान बेट, दिएगो गार्सिया, माले, कोलंबो आणि जहाजे मिळून दोन चौकोन होते. चौकोनात किती बाष्प आले आणि किती बाहेर गेले याचा थराथराने हिशेब करायचा, त्यात समुद्रातून उडालेले पाणी मिळवायचे, आणि स्तंभातले बाष्प वाढले असेल तर ती वाढ वजा करायची. उरेल तो पाऊस. उष्णतेच्या बाजूनेही असाच हिशेब मांडता येतो. १ मिलिमीटर प्रतिदिन पाऊस म्हणजे चौरस मीटरला २९ वॅट. हवामानशास्त्रज्ञ मिचिओ यानाई आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मार्शल बेटांच्या नोंदींवर या दोन्ही हिशेबांची घडी बसवून दिली, आणि आजही तीच वापरतात.

हे गणित वाऱ्याच्या चुकीने फार लवकर बिघडते. बाजू ५०० किलोमीटरची असेल आणि एका बाजूचा खालच्या थरातला सरासरी वारा सेकंदाला फक्त १ मीटरने चुकला, तरी पावसात दिवसाला ४ मिलिमीटरची चूक शिरते. म्हणून स्तंभाच्या माथ्याशी हवेची उभी गती शून्य व्हायला हवी, ही अट घालून वाऱ्याची आकडेवारी सावरून घेतात. एक कोपरा दिवसभर गप्प राहिला, तर अंदाजाने भरलेला आकडा आम्ही वापरणार नाही. उरलेल्या तीन कोपऱ्यांचा त्रिकोण घेणे बरे.

प्रश्न : दिवसाला दोनच फुगे पुरतात का? (ठाणे)

कशासाठी, यावर अवलंबून आहे. भारतीय केंद्रांच्या नोंदी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या असतात. महिनाभराच्या चढउतारांसाठी त्या भरपूर झाल्या. रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये वाऱ्यातले ४०-५० दिवसांचे आंदोलन (चढउतारांचा फेर) शोधले, ते प्रशांत महासागरातल्या कँटन बेटाच्या रोजच्या फुग्यांच्या नोंदींतूनच. ८५० च्या पातळीवर वारा एका दिशेला झुकतो तेव्हा १५० वर उलट दिशेला, हे त्यात स्पष्ट दिसत होते. पण खुल्या समुद्रावर पाऊस उत्तररात्री ते पहाटे वाढतो, आणि हा रोजचा फेर दोन नोंदींत पकडता येत नाही. त्यासाठी किमान चार, शक्य तर आठ फुगे लागतात.

प्रश्न : किनाऱ्यावर दोरीला बांधलेली पांढरी डबी आणि फाटके रबर सापडले. परत कुठे द्यायचे? (मालवण)

परत देण्याची गरज सहसा नसते. फुगा ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो तेव्हाच सोंडचे काम संपलेले असते. डबीवर काही सूचना छापली असेल तर ती पाळा. पावसाळ्यात हे अवशेष केंद्रापासून फार लांब पडत नाहीत, कारण खालचे नैर्ऋत्येकडचे वारे फुग्याला पूर्वेकडे नेतात आणि १० किलोमीटरच्या वरचे पूर्वेकडचे जोरदार वारे त्याला परत समुद्राकडे ढकलतात. फुगा न फुटता फुगलेलाच सापडला तर त्यात हायड्रोजन असू शकतो. विडी-काडी दूर ठेवा आणि मोकळ्या जागी मान सोडून वायू जाऊ द्या. दोरी गुंडाळून कचऱ्यात टाका, कारण ती ३० ते ५० मीटर लांब असते आणि पक्ष्यांच्या, गुरांच्या पायांत अडकते. डबीतल्या बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्या.